घरात एकच गाडी, महिन्याला चिपळूण: तीसची बॅटरी घ्यावी की पंचेचाळीसची?

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार.

आम्ही पुण्यात धायरीला राहतो. मी आणि नवरा दोघंही हिंजवडीत नोकरीला आहोत आणि एकाच गाडीनं जातो. जाऊन-येऊन पन्नास-पंचावन्न किलोमीटर होतात. सोसायटीत स्वतःचं पार्किंग आहे आणि आमच्या मीटरवरून चार्जर बसवायला कमिटीनं होकारही दिलाय. बारा वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायचं ठरलंय. घरात ही एकच गाडी असेल.

जी गाडी आवडली आहे तिच्यात दोन बॅटऱ्या मिळतात, ३० किलोवॅट-अवरची आणि ४५ची. किमतीत पावणेदोन लाखांचा फरक आहे. माझं म्हणणं, रोज पन्नास किलोमीटर चालणाऱ्या गाडीला तीसची पुष्कळ झाली. दीर म्हणतात, पाचशे किलोमीटरच्या खाली रेंज असलेली गाडी घेऊच नका, थोडं कर्ज वाढवा आणि साठच्या वरची बॅटरी असलेली मोठी गाडी घ्या. सासू-सासरे चिपळूणजवळच्या गावी असतात. मामंजींची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. एरवी महिन्या-दीड महिन्यानं आमची चक्कर होते, पण मध्येच फोन आला तर रात्रीही निघावं लागतं. जास्तीच्या रेंजसाठी खरंच एवढे पैसे मोजावेत का?

— एक वाचक, धायरी

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. पंचेचाळीसची घ्या. साठच्या वरची नको. आणि तीसची पुरेल हा तुमचा हिशेब बरोबर असला, तरी तुमच्या घरासाठी तीसची घेऊ नका.

तुमचा हिशेब रोजच्या दिवसाचा आहे आणि रोजच्या दिवसापुरता तो चोख आहे. किलोवॅट-अवर म्हणजे लाइट बिलावरचं युनिटच. तुम्ही म्हणता त्या आकाराची गाडी शहरात एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे हिंजवडीला जाऊन-येऊन आठ-नऊ युनिट लागतील. भर उन्हाळ्यात वाकडच्या पुलापाशी अडकून पडलात तर एसी ताशी एखादं युनिट खाईल, ते वेगळं. तीस युनिटांची बॅटरी तिसऱ्या दिवशी चार्जिंगला लावली तरी भागेल. घरात दुसरी पेट्रोल गाडी असती आणि गावाला तीच नेणार असता, तर मी डोळे झाकून तीसची घ्या म्हटलं असतं. शहरातल्या धावपळीसाठी जास्तीच्या रेंजला पैसे मोजणाऱ्यांना त्यातून फारसं काही मिळत नाही.

(ज्यांना घरी चार्जिंगची सोय नाही, त्यांचं मात्र उलट आहे. त्यांना प्रत्येक वेळी चार्जर गाठून तासभर घालवावा लागतो. आठवड्यातून तीनदा जायचं की एकदाच, हे बॅटरीच्या आकारावर ठरतं. अशा वाचकांनी तुमचं उदाहरण घेऊन लहान बॅटरी घेऊ नये.)

तुमच्या पत्रातलं माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य शेवटून दुसरं आहे: ‘मध्येच फोन आला तर रात्रीही निघावं लागतं.’ ठरवून जाताना काहीच अडचण येत नाही. आदल्या रात्री गाडी लावायची, सकाळी शंभर टक्के करून निघायचं. अवचित निघावं लागलं तर गाडीत उरलं असेल तेवढ्यावरच निघावं लागतं.

तो प्रसंग आकड्यांत मांडून बघू. तुम्ही शिस्तीनं रोज रात्री गाडी चार्जिंगला लावता असं धरू. संध्याकाळी आठला हिंजवडीहून घरी आलात, नऊ युनिट खर्च झाले आहेत आणि नऊ वाजता चिपळूणहून फोन आला. तीसच्या गाडीत एकवीस युनिट शिल्लक आहेत. महामार्गावर ऐंशी-नव्वदच्या वेगानं, एसी लावून, युनिटला सहा किलोमीटर धरले तर सव्वाशे किलोमीटर झाले. सातारा शंभर-एकशे दहा किलोमीटरवर आहे. म्हणजे साताऱ्याला पोचाल तेव्हा हाताशी जेमतेम पंधरा-वीस किलोमीटर असतील आणि तिथला एक ठरावीक चार्जर चालू असलाच पाहिजे. पंचेचाळीसच्या गाडीत त्याच वेळी छत्तीस युनिट असतील. म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. साताऱ्याला थांबायचं की पुढे उंब्रजला, की आत्ता खेड-शिवापूरलाच पंधरा मिनिटं थांबून मोकळं व्हायचं, हे तुम्ही ठरवाल. आणि एखाद्या दिवशी गाडी लावायची राहून गेली असेल, जी प्रत्येकाच्याच घरी राहते, तर तीसच्या गाडीत बारा युनिट उरतील आणि ती शिरवळच्या थोडीशी पुढे जाईल. पंचेचाळीसची तरीही साताऱ्याला पोचेल आणि वर पन्नासेक किलोमीटर राखून असेल.

पुणे-सातारा-कराड रस्त्यावर आता फास्ट चार्जर बऱ्यापैकी आहेत. पण चार्जर असणं आणि तो आपल्याला रात्री साडेदहाला मिळणं यात फरक असतो. एक गन (गाडीला लावायचा चार्जरचा प्लग) बंद असते. दुसरीवर कुणाची तरी गाडी लागलेली असते आणि मालक जेवायला गेलेले असतात. तिसऱ्या ठिकाणी ॲपच्या वॉलेटमध्ये आधी पैसे भरायचे असतात आणि नेमकी मोबाइलला रेंज नसते. ठरवून निघालेल्या माणसाला हे सगळं चालून जातं. घरी सासरे आजारी असताना रस्त्यात अर्धा तास चार्जरशी झगडणं फार वाईट असतं. जास्तीच्या पंधरा युनिटांचा खरा उपयोग तो: बंद पडलेला किंवा अडलेला चार्जर सोडून पुढच्याकडे जाता येतं. त्यासाठी मी पावणेदोन लाख मोजीन.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, गाडीच्या विषयात बसत नसली तरी. मामंजींच्या छातीत दुखायला लागलं, तर तुमची वाट बघायची नाही, हे सासूबाईंना आणि शेजारच्यांना आत्ताच सांगून ठेवा. १०८ला फोन करायचा आणि चिपळूणचं जवळचं रुग्णालय गाठायचं. तुमची गाडी तिथे चार-पाच तासांनी पोचणार, मग ती पेट्रोलची असो की कुठल्याही बॅटरीची.

आता दिरांच्या पाचशे किलोमीटरबद्दल. हा आकडा माहितीपत्रकावरचा आहे आणि तो कसा येतो ते कळलं की त्याचा दबाव वाटेनासा होतो. आपल्याकडे गाड्यांची रेंज एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, औद्योगिक वसाहतीची एमआयडीसी नव्हे) नावाच्या ठरावीक चाचणीनं मोजतात. पुण्यात वेताळ टेकडीला लागून असलेल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत ही चाचणी होते. गाडी रस्त्यावर पळवत नाहीत, रोलरवर ठरावीक क्रमानं चालवतात. चाचणीचे दोन भाग असतात. शहराच्या भागात वेग ताशी पन्नासच्या वर जात नाही. दुसऱ्या, शहराबाहेरच्या भागातही नव्वदच्या वर जात नाही, आणि तोही थोडाच वेळ. चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, बाहेर चाळीस अंश तापमान आणि आत एसी, असलं काही त्यात नसतं.

एकाच गाडीचं उदाहरण घ्या. टाटाची कर्व्ह ईव्ही २०२४च्या ऑगस्टमध्ये आली. तिच्या ५५ किलोवॅट-अवरच्या बॅटरीला कंपनीनं ५८५ किलोमीटर रेंज सांगितली. चाचणीचे दोन्ही भाग एकत्र धरले तर तोच आकडा ५०२ होतो. आणि शंभरातल्या पंचाहत्तर ग्राहकांना प्रत्यक्षात किती मिळेल, याचा कंपनीचा स्वतःचा अंदाज होता ४०० ते ४२५. गाडी एक, बॅटरी एक, आकडे तीन, तिन्ही कंपनीनंच दिलेले. असे वेगवेगळे आकडे छापणं मला बरोबर वाटत नाही, पण निदान खरा अंदाज सांगायची सुरुवात तरी झाली. तेव्हा दिरांना विचारा, पाचशे म्हणजे यातले कुठले पाचशे?

म्हणून शोरूममध्ये किलोमीटर विचारूच नका, युनिट विचारा. महामार्गावर त्याला सहानं गुणा. शंभर-एकशे दहानं हाकणारे असाल तर पाचनं गुणा, कारण ऐंशीवरून शंभरवर गेलं की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो आणि तो सगळा बॅटरीतून जातो. त्यात शेवटचे दहा-पंधरा टक्के हात न लावता ठेवायचे. तीसची गाडी मग भरलेली असताना दीडशे किलोमीटरची होते आणि पंचेचाळीसची सव्वादोनशे-दोनशेतीसची. धायरीहून तुमचं गाव सव्वादोनशेच्या आसपास असणार. म्हणजे पंचेचाळीसची गाडीही तुम्हाला न थांबता गावी नेईल असं मी म्हणणार नाही. नेईलही, पण शेवटचे तीस किलोमीटर सगळ्यांचं लक्ष स्क्रीनवर असेल. एक थांबा घ्याच. पन्नास किलोवॅटच्या चार्जरवर पंधरा मिनिटांत दहा-अकरा युनिट, म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर मिळतात, आणि चहा-नाश्त्याला तेवढा वेळ जातोच. मामंजींना तपासणीसाठी पुण्याला आणाल तेव्हा तर अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला सलग पाच तास बसवून आणूही नये. वाटेत उतरवून थोडं चालवायला हवं.

साठच्या वरची नको, ती याच कारणानं. पुढच्या पंधरा-वीस युनिटांनी तुमचा हा एक थांबा वाचेल, त्यापलीकडे काही नाही. त्यासाठी जास्त जड गाडी, जास्त विमा, जास्त हप्ता, आणि घरच्या साध्या सॉकेटवर भरायला जवळजवळ दीडपट वेळ. नागपूरला किंवा गोव्याला वरचेवर जाणारं कुटुंब असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

घाटाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. उंब्रज सोडून पाटणकडे वळलात की महामार्गावर मिळतात तितके चार्जर मिळत नाहीत, आणि पुढे कोयनानगर ओलांडून कुंभार्ली घाट लागतो. जाताना तो उताराचा आहे. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटर जनरेटरसारखी चालते आणि बॅटरीत वीज परत येते. त्यामुळे चिपळूणला पोचताना आकडा अपेक्षेपेक्षा चांगला दिसेल आणि गाडी कमी खाते असं वाटेल. येताना हाच घाट सुरुवातीलाच चढायचा आहे. चिपळूण समुद्रसपाटीपासून फार वर नाही आणि घाटमाथा साधारण सहाशे मीटरवर. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला नेहमीच्या खर्चावर तीन-साडेतीन युनिट जादा लागतात. वीसेक किलोमीटरच्या वाटेत स्क्रीनवरची रेंज चाळीसेक किलोमीटरनं खाली येईल. पहिल्या वेळी हे बघून माणूस घाबरतो. घाबरू नका, माथा ओलांडला की खर्च पुन्हा सरळ होतो. पण गावाहून निघताना बॅटरी भरलेली हवी, ही गोष्ट पक्की धरा.

एक जरा लांबचा विचार. तुम्ही आधीची गाडी बारा वर्षं वापरलीत, म्हणजे हीदेखील दोन-तीन वर्षांत बदलणार नाही. बॅटरीची वॉरंटी साधारणपणे आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटर असते, काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून जास्त देतात. वॉरंटी आहे म्हणजे बॅटरी नव्यासारखी राहते असं नव्हे. दरवर्षी थोडीथोडी क्षमता जाते. आठ-दहा वर्षांत सहावा हिस्सा गेला असं धरलं, तर तीसच्या पंचवीस उरतील आणि पंचेचाळीसच्या साडेसदतीस. पंचवीस युनिटांत चिपळूणला एकाचे दोन थांबे होतात, आणि तोवर सासू-सासऱ्यांचं वयही दहा वर्षांनी वाढलेलं असेल. साडेसदतीस तेव्हाही चालून जातील. बॅटरी कुठल्या प्रकारची आहे तेही विचारा. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटवाली असेल तर रोज शंभर टक्के भरली तरी फारसं बिघडत नाही, उलट अधूनमधून पूर्ण भरा असंच कंपन्या सांगतात. निकेलवाली असेल तर रोज ऐंशीपर्यंतच भरावी, म्हणजे रोजच्या वापरात पाचवा हिस्सा आधीच वजा झाला.

पैशांचं खोटं सांगणार नाही. पावणेदोन लाख कर्जातून काढलेत तर पाच वर्षं महिन्याला साडेतीन हजारांच्या वर जातील आणि ते विजेच्या बचतीतून भरून निघणार नाहीत, कारण वीज दोन्ही गाड्या सारखीच खातात. ते जड जात असेल तर बॅटरी कमी करू नका, साज कमी करा. पंचेचाळीसच्या बॅटरीत खालचा ट्रिम मिळतो का बघा. सनरूफ, मोठी स्क्रीन, गार हवा देणाऱ्या सीट यांतून लाखभर सहज सुटतो. स्क्रीन नंतर बाहेरूनही बसवता येते, पण बॅटरी मागाहून वाढवून मिळत नाही.

बुकिंगच्या आधी एक काम करा. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह पाच किलोमीटरची असते, तिच्यात रेंजचं काहीच कळत नाही. तीच गाडी, निदान तेवढ्याच बॅटरीची, शनिवार-रविवारसाठी भाड्यानं मिळत असेल तर ती घेऊन गावाला जाऊन या. घरचे सगळे बसा, एसी लावा, एरवी चालवता तशीच चालवा. साताऱ्याला किती टक्के उरले, घाटाच्या तोंडाशी किती, गावी पोचल्यावर किती, ते लिहून ठेवा. दीर सोबत आले तर उत्तमच, पाचशेचा विषय वाटेतच मिटेल.

आणि त्याच फेरीत गावच्या घरातलं सॉकेट तपासा. पोर्टेबल चार्जर पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चालतो, तासाला तीनेक युनिट भरतो. रात्री नऊला लावली तर सकाळी सातपर्यंत तीस युनिट. परतीला तेवढे पुष्कळ झाले. पण कोकणातल्या जुन्या घरांत सॉकेट पंधराचं आणि आतली वायर पंख्याची, असा प्रकार असतो. दहा तास एवढा भार ओढला की प्लग तापतो, कधी वितळतो. अर्थिंग नसेल तर चार्जरचा लाल दिवा लागतो आणि गाडी चार्जच होत नाही. मग लोक एक्स्टेंशन बोर्डवर लावून बघतात. तसं चुकूनही करू नका, पावसाळ्यात तर नकोच. गावच्या वायरमनला बोलवा. मीटरच्या बोर्डापासून पडवीपर्यंत जाड तांब्याची स्वतंत्र वायर ओढून घ्या, तिला स्वतंत्र एमसीबी लावा, सॉकेट पागोळ्यांपासून आत बसवा. अर्थिंगचा खड्डा जुना असेल तर नवा करून घ्या. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागेल, त्याला वेळ लागतो. तेव्हा तो अर्ज गाडी हातात येण्याची वाट न बघता आधीच देऊन टाका.